रेंज कुठे अडते? सोयाबीनच्या वावरापासून टॉवरपर्यंत

खरिपाची पेरणी उरकली की लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यामागे हल्ली आणखी एक काम असतं. वावरात उभं राहायचं, मोबाइलवर ई-पीक पाहणीचं ॲप उघडायचं, सोयाबीनचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली. आधी पिकाची नोंद तलाठी करायचे, आता ती शेतकऱ्याच्या फोनमधून जाते आणि अनुदानापासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अनेक ठिकाणी विचारली जाते. वावरात फोटो निघतो, पण जात नाही. पडद्यावर गोल फिरत राहतो. माणूस बांधावर येतो, तिथून गाडीवाटेवर, तिथून गावाच्या वेशीकडे. आणि या सगळ्या वेळात फोनवर दोन काड्या दिसत असतात.

काड्या दिसूनही काम का होत नाही, हे समजून घ्यायचं तर फोनपासून टॉवरपर्यंत आणि टॉवरच्या पाठीमागे एकदा सावकाश चालत जायला हवं. वाटेत अडणारी ठिकाणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. आपण मात्र सगळ्यांवर एकच उपाय करतो. फोन बंद करून चालू करतो.

आधी काड्या. एक काडी म्हणजे नेमका किती सिग्नल, याचा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. प्रत्येक फोन कंपनी आपापल्या हिशेबाने काड्या दाखवते. म्हणून एकाच झाडाखाली, एकाच कंपनीचं सिम असलेले दोन फोन वेगवेगळ्या काड्या दाखवू शकतात. खरं माप फोनच्या आत असतं. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘फोनबद्दल’ आणि त्यात ‘सिमची स्थिती’ उघडली की बहुतेक फोनांवर सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि त्याचं एकक आहे डीबीएम. फोरजीवर उणे ८५ च्या आसपास आकडा असेल तर उत्तम. उणे १०० पर्यंत काम चालतं. उणे ११५ च्या पुढे गेलं की बोलणं तुटायला लागतं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आकडा दहाने घसरला की सिग्नलची शक्ती दहा टक्क्यांनी नव्हे, दहापटीने कमी होते. उणे ८० आणि उणे ११० या दोन आकड्यांत हजारपटीचा फरक आहे. गावातल्या चावडीपासून शिवारातल्या विहिरीपर्यंत जाताना हा फरक सहज पडू शकतो.

हा आकडा टॉवरकडून आपल्याकडे येणाऱ्या सिग्नलचा आहे. आपल्याकडून टॉवरकडे काय पोचतंय, हे त्यात दिसत नाही. वावरातल्या फोटोची गोष्ट बहुतेक वेळा इथेच फसते. टॉवरवरचा अँटेना वीस ते चाळीस वॅट शक्तीने बोलतो आणि ती शक्ती एका दिशेला एकवटून पाठवतो. आपला फोरजी फोन जास्तीत जास्त वॅटच्या पाचव्या हिश्शाने, म्हणजे ०.२ वॅटने उत्तर देतो. बॅटरी छोटी आणि फोन कानाशी धरायचा, म्हणून त्याला तेवढीच मुभा आहे. देवळावरचा भोंगा शेवटच्या वावरापर्यंत ऐकू येतो, पण तिथून घातलेली हाक देवळापर्यंत पोचत नाही, तसंच हे. म्हणून शिवारात व्हॉट्सॲपचा मेसेज येतो पण फोटो जात नाही. समोरच्याचं बोलणं आपल्याला नीट ऐकू येतं आणि तो मात्र ‘हॅलो, हॅलो, आवाज येईना’ म्हणत राहतो. अशा जागी फोन आपली शक्ती पूर्ण ताणून बोलत असतो. त्यामुळे तो गरम होतो आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच उतरते.

त्यावर लगेच करता येण्यासारखं थोडं आहे. टॉवर कोणत्या बाजूला आहे ते पाहावं आणि फोन व टॉवर यांच्या मध्ये आपलं शरीर येऊ देऊ नये. माणसाच्या अंगात पाणी भरपूर असतं आणि पाणी या लहरी शोषतं. उसाच्या फडात उभं राहून फोन करण्यापेक्षा फडाबाहेर यावं, कारण ओली पालवी तेच करते. चढावर, बांधावर, विहिरीच्या थारोळ्यावर गेल्याने खरोखरच फरक पडतो. ॲपला जागेसाठी लागणाऱ्या जीपीएसला मात्र टॉवर लागत नाही. ते थेट उपग्रहांकडून जागा ओळखतं. नेट नसताना त्याला वेळ जास्त लागतो इतकंच, म्हणून मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं थांबावं.

पुढचा प्रश्न लहरींचा. मोबाइलचं बोलणं रेडिओलहरींवरून जातं आणि सरकार या लहरींचे पट्टे कंपन्यांना लिलावात विकतं. भारतात मोबाइलसाठी ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ३३०० मेगाहर्ट्झ हे पट्टे प्रामुख्याने वापरात आहेत. आकडा लहान तितकी लहर लांब. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटरची, म्हणजे फूटभराहून थोडी मोठी. ३३०० ची जेमतेम ९ सेंटिमीटरची. लांब लहर टेकाडाच्या कडेवरून थोडी वळते, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते आणि लांब जाते. आखूड लहर अडथळ्यापाशी लवकर दम तोडते.

मग सगळ्यांना लांब लहरीच का देत नाहीत? कारण त्या पट्ट्यांत जागा कमी आहे. ८५० किंवा ९०० मध्ये एका कंपनीकडे साधारण पाच-दहा मेगाहर्ट्झ असतात, तर ३३०० च्या पट्ट्यात शंभर मेगाहर्ट्झपर्यंत. जागा जितकी रुंद तितका डेटा जास्त. म्हणजे जी लहर खेड्यापर्यंत पोचते तिच्यावरून कमी माहिती जाते आणि जिच्यावरून भरपूर जाते ती खेड्यापर्यंत पोचत नाही. मोबाइलच्या सगळ्या आखणीच्या मुळाशी हीच ओढाताण आहे. शहरात कंपन्या आखूड लहरींचे टॉवर जवळजवळ उभारतात. ग्रामीण भागात लांब लहरींवर एक टॉवर चार-पाच किलोमीटरचा घेर सांभाळतो.

फोन विकत घेताना यातलं एक लक्षात ठेवावं. भारतात फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि त्यातला काही भाग ७०० मेगाहर्ट्झवर चालतो. बीएसएनएलने २७ सप्टेंबर २०२५ ला देशी बनावटीचं फोरजी देशभर सुरू केलं, तेही ७०० आणि २१०० वर. जुन्या किंवा अगदी स्वस्त फोनमध्ये ७०० चा पट्टा नसला, तर टॉवर समोर असूनही त्या फोनला तो ऐकूच येत नाही. अशा वेळी दोष गावाला किंवा कंपनीला देऊन काही निघत नाही. उलट दिशेचंही उदाहरण आहे. वडिलांच्या जुन्या बटणांच्या फोनवर वावरात कॉल लागतो आणि मुलाच्या महागड्या फोनवर लागत नाही. जुना फोन टूजीवर असतो, टूजी ९०० वर लांब जातं आणि नुसत्या बोलण्याला माहिती फार थोडी लागते. ज्या कंपन्या टूजी अजून चालवतात, त्यांचं सिम असेल तर दुबळ्या जागी सेटिंगमध्ये जाऊन फोन तेवढ्यापुरता टूजीवर ठेवला की बोलणं होऊन जातं. जिओकडे मात्र टूजी नाही. २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून तिचं सगळं जाळं फोरजी आणि त्यापुढचंच आहे.

आता जमीन. लातूर जिल्हा बालाघाटाच्या पठारावर आहे आणि मोकळं पठार मोबाइलला मानवतं. चाळीस मीटर उंचीच्या टॉवरवरून पाहिलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे लहरींची नजर सुमारे पंचवीस किलोमीटरवर संपते, म्हणजे गोलाईची अडचण इथे नाहीच. अडचण आहे खोलगट जागांची. मांजरा, तेरणा, तावरजा, मन्याड, तिरू या नद्यांनी आणि त्यांच्या ओढ्यांनी पठार कोरलेलं आहे. टॉवर दोन किलोमीटरवर असला तरी वस्ती ओढ्याच्या उतारावर, पलीकडच्या अंगाला असेल तर ती सावलीत येते. टॉवरपासून चार किलोमीटर दूरच्या, पण चढावरच्या वस्तीवर रेंज चांगली असते. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे गेलं की हे आणखी ठळक होतं. तिथे डोंगर आहेत, जंगल आहे आणि वस्त्या विखुरलेल्या आहेत. पठारावर जे काम एका टॉवरने होतं, त्याला तिथे तीन लागू शकतात, आणि त्या तिघांखाली मिळून ग्राहक मात्र एका टॉवरपेक्षा कमी.

जमिनीपेक्षाही जास्त मला लिहायचं आहे ते घरांबद्दल, कारण आमच्या भागात रेंज बहुतेक वेळा घराच्या दारात अडते. मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास दहा हजार माणसं गेली. नंतर ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं आणि त्याबाहेरच्या गावांतही जड छताची धास्ती कायमची बसली. पत्र्याचं घर सुरक्षित वाटू लागलं आणि ते स्वस्तही होतं. आज लातूर, धाराशिव, नांदेडच्या खेड्यांत पत्र्याची घरं रांगेने दिसतात. पण धातूचा पत्रा रेडिओलहरी आत येऊ देत नाही, परतवून लावतो. वर पत्रा, चारी बाजूंनीही पत्रा अशा खोलीत सिग्नल शिरतो तो फक्त दारातून, खिडकीतून आणि फटींतून. अंगणात उणे ९० असलेला आकडा आत गेल्यावर उणे ११५ होतो तो असा. माळवदाची जाड भिंतही अडवते, आरसीसीचा स्लॅबही अडवतो, पण पत्र्याइतकं कोणी अडवत नाही.

म्हणून घरात रेंज नाही अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा अंगणात जाऊन आकडा बघावा. अंगणात चांगला असेल तर टॉवरचं काम ठीक आहे. मग उपाय घरातला. फोन टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवून हॉटस्पॉट लावता येतो. घरी किंवा शेजारी फायबरचं इंटरनेट असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करावं. मग नेहमीचाच नंबर, नेहमीचाच कॉल वायफायवरून जातो. ही सोय २०१९-२० पासून मोठ्या कंपन्यांनी विनाशुल्क दिलेली आहे, तरी कितीतरी फोनांत ती बंदच पडून असते.

बाजारात मिळणारं बूस्टर मात्र लावू नये. परवानगीशिवाय असं यंत्र विकणं आणि लावणं गुन्हा आहे. शिवाय ते टॉवरच्या कानात इतका गोंगाट करतं की आसपासच्या सगळ्यांचे दुबळे फोन टॉवरला ऐकू येईनासे होतात. एका घराची सोय होते आणि गावाची रेंज जाते.

लातूर शहरात प्रश्न वेगळाच आहे. तिथे सिग्नल भरपूर असतो, आकडा उणे ७५ दाखवतो आणि तरी रात्री साडेनऊला व्हिडिओ अडखळतो. टॉवरवर साधारण तीन बाजूंना तीन अँटेना असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक पाचर येते. त्या पाचरीतले सगळे फोन तिथली क्षमता वाटून घेतात. फोरजीवर दहा मेगाहर्ट्झ असतील तर सरासरीने पंधरा-वीस एमबीपीएस मिळतात, एका फोनला नव्हे तर सगळ्यांना मिळून. शंभर जण एकाच वेळी व्हिडिओ बघू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर एमबीपीएसचा पाचवा हिस्सा येतो. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने मराठवाड्यातून मुलं-मुली इथे शिकायला येतात. शिकवण्यांच्या आणि वसतिगृहांच्या भागात एकेका इमारतीत गावाएवढी वस्ती असते आणि तिचं वेळापत्रकही एकच असतं. क्लास सुटला, जेवण झालं की सगळे एकदम फोन उघडतात. इथे उंच टॉवर उपयोगाचा नाही. जास्त पट्टे, जास्त आणि लहान घेरांचे टॉवर लागतात. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखं एवढंच, की व्याख्यानांचे व्हिडिओ पहाटे उतरवून ठेवावेत. त्या वेळी तोच टॉवर कितीतरी पट वेगाने देतो.

सिद्धेश्वराच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही हेच होतं. अशा गर्दीत कॉल लागला नाही तर एसएमएस करावा. त्याला अगदी थोडी जागा लागते आणि तो वाट बघत थांबून संधी मिळताच जातो. आपत्तीतही हेच लागू पडतं. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, १९९३ मध्ये, देशात मोबाइलच नव्हता, भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. आज सरकार धोक्याचा इशारा एखाद्या भागातल्या सगळ्या फोनांवर एकाच वेळी पाठवू शकतं. २०२३ मध्ये फोन अचानक मोठ्याने वाजून जी चाचणी आली होती ती हीच. असा इशारा एकेका नंबरवर जात नाही. टॉवर तो सगळ्यांसाठी एकदाच बोलतो, म्हणून गर्दीत अडकत नाही. पण त्यासाठी टॉवर चालू असायला हवा.

आणि टॉवर चालू राहणं हीच खेड्यातली मोठी अडचण. टॉवरच्या पायथ्याशी बॅटऱ्यांचं कपाट असतं. वीज गेली की काही तास त्यावर निघतात, पुढे डिझेल जनरेटर, जिथे तो असेल आणि त्यात डिझेल असेल तर. बॅटऱ्या जुन्या झाल्या की तासांचं काम मिनिटांवर येतं. वीज जाऊन थोड्याच वेळात रोज रेंजही जात असेल तर कारण बहुधा तिथेच आहे. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, त्यामुळे सगळ्यांची रेंज एकदम जाते.

टॉवरच्या पाठीमागची वाटही बघायला हवी. आपलं बोलणं टॉवरपर्यंत हवेतून गेलं की पुढे ते फायबरने जातं, किंवा टॉवरवर जी गोल ढोलासारखी अँटेना दिसते तिच्यातून दुसऱ्या टॉवरकडे. पावसात रेंज का जाते, याचं उत्तर इथे आहे. ९०० किंवा १८०० च्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. ढोलाच्या लहरी बऱ्याच आखूड असतात, त्यांना मुसळधार पाऊस खाऊन टाकतो. सोबत वीज गेलेली असते. तेव्हा काड्या भरलेल्या आणि नेट शून्य असं दिसलं, तर टॉवर जिवंत आहे आणि त्याची मागची वाट तुटली आहे असं बहुधा समजावं. फायबर असेल तर तो खोदकामात तुटतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग लातूर-नांदेडमधून जातो. अशा मोठ्या रस्त्यांच्या कडेला जेसीबीचा एक घाव बसला की बऱ्याच गावांचं नेट एका वेळी जातं.

उदगीर, देवणी, औराद शहाजानी किंवा देगलूर, धर्माबादकडच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मोबाइलसाठी मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा असं एक मंडळ आहे, कर्नाटकाचं वेगळं, आंध्र-तेलंगणाचं वेगळं. लहरींना सीमा कळत नाही, त्यामुळे सीमेवरच्या गावात फोन पलीकडचा टॉवर धरतो. पैशाचा फरक आता जवळपास उरलेला नाही. पण अशा वेळी ११२ ला लावलेला कॉल शेजारच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. म्हणून फोन उचलताच आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगावं, मग घटना. आणि हेही माहीत असू द्या की आपल्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची असेल, तर ११२ तिच्यावरून लागतो.

टॉवर घराजवळ नको, आरोग्याला धोका आहे, ही भीती अनेक गावांत आहे आणि ती काळजीतून येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या जवळचे टॉवर बघता येतात. आणि जो विचार सहसा होत नाही तो असा: टॉवर जितका दूर, तितका आपला फोन जोराने बोलतो, आणि फोन तर कानाला लावलेला असतो. टॉवर गावाबाहेर हाकलल्याने डोक्याजवळचं उत्सर्जन वाढतं.

शेवटी प्रश्न उरतो तो जिथे खरोखरच टॉवर हवा आणि तो नाही अशा वाड्या-तांड्यांचा. थोड्या घरांसाठी टॉवर उभारणं कंपनीला परवडत नाही, हे खरं आहे. त्यासाठीच कंपन्यांच्या उत्पन्नातून एक निधी गोळा होतो, त्याचं नाव आता डिजिटल भारत निधी. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० वंचित गावांना फोरजी पोचवायला २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जानेवारी २०२५ पासून या निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांचे ग्राहकही चालवायची सोय सुरू झाली. पण आपलं गाव वंचित आहे हे कुणाला तरी दिसायला हवं. कंपनीच्या नकाशावर गाव हिरव्या रंगात असेल तर ते कुणालाच दिसत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा ठेवणं बंधनकारक आहे. हे नकाशे मुख्यतः संगणकी अंदाजावर बनतात आणि घराबाहेरचा सिग्नल दाखवतात. तेव्हा आपल्या गावाचा नकाशा उघडा. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र आणि शिवारातल्या दोन-चार जागी जाऊन आकडा टिपा. जागेचे अक्षांश-रेखांश, कंपनी, तारीख, वेळ, अंगणातला आकडा आणि आतला आकडा लिहा. वीज होती की नव्हती तेही लिहा. नकाशात हिरवं आणि हातात उणे ११८, असं जिथे निघेल त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मग कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, आणि तिथेही नाही तर केंद्राच्या लोकतक्रार संकेतस्थळावर दूरसंचार विभागाकडे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. ‘आमच्याकडे रेंज नाही’ या एका ओळीच्या अर्जाला उत्तर मिळणं अवघड असतं. आकड्यांचा तक्ता आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. गावातल्या बारावीच्या मुलामुलींना एका रविवारी हे काम द्या, त्यांना ते उत्तम जमेल.